नवा अल्बम, लाईव्ह मैफल आणि आपलं गाव: नव्या चाहत्यांनी तयारी कशी करायची

स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची आणि स्वतःच गायचं, अशा कलाकाराचा नवा अल्बम येतोय आणि पाठोपाठ मैफलीचं थेट प्रक्षेपण आहे, ही बातमी एकदा फुटली की चाहत्यांच्या मोबाईलला उसंत राहत नाही. नव्यानं गटात आलेल्या मुलामुलींना तेव्हा दोन प्रश्न पडतात. आपण नेमकं करायचं काय? आणि परभणी, हिंगोली, बीडमध्ये बसून ही मैफल नीट अनुभवता येते का? येते, अगदी छान येते. मोठे दौरे मुंबई-पुण्यावरून परत फिरतात, क्वचित छत्रपती संभाजीनगरपर्यंत येतात. म्हणून प्रक्षेपण हीच आपली मैफल, आणि तिची तयारीही मैफलीसारखीच करायला हवी.

सगळ्या तयारीत एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. अशा कलाकाराचं सगळं बळ त्याच्या शब्दांत असतं. मोठा पडदा नसला तरी चालेल, रोषणाई नसली तरी चालेल, पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला प्रत्येक ओळ स्वच्छ कळली पाहिजे. पुढचं सगळं मी त्याच हिशेबानं सांगणार आहे.

आपल्या भागाला हे ऐकणं नवं नाही. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांनी रचलं आणि कीर्तन-भजनातून गायलंही, आणि शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफलं. ‘नामा म्हणे’ आलं की रचना कुणाची हे वेगळं सांगावं लागत नाही. वामनदादा कर्डक स्वतः लिहून स्वतः गात गावोगाव फिरले. आजही 14 जानेवारीला, नामविस्तार दिनाला, संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या गेटवर गाणी रंगतात तेव्हा लोक गाण्यातला शब्द उचलून धरतात. तुमचा आवडता कलाकार गिटार घेऊन मराठीत गात असेल, हिंदीत गात असेल किंवा सातासमुद्रापार इंग्रजीत. ऐकायचे कान आपल्याकडे आधीपासूनच आहेत.

आधी तारीख आणि वेळ पक्की करा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जगभरातले बहुतेक नवे अल्बम शुक्रवारी येतात. 10 जुलै 2015 पासून संगीत कंपन्यांनी हा वार ठरवून घेतलाय. बहुतेक वेळा गाणी त्या त्या देशात तिथल्या मध्यरात्री उघडतात. म्हणजे ‘शुक्रवारी रात्री बारा’ असं कुणी लिहिलं, तर ते बहुधा गुरुवारी रात्रीचं जागरण असतं. गटात निरोप टाकताना ‘गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागताना’ असं सरळ लिहा. शुक्रवारी रात्री डोळे ताणून बसलेला माणूस चोवीस तास मागे पडलेला असतो आणि तोवर सगळ्यांची गाणी पाठ झालेली असतात.

मैफल परदेशात असेल तर हिशेब आणखी काळजीनं करा. आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं, लंडन आणि न्यूयॉर्कचं उन्हाळ्यात एक तास पुढे सरकतं. लंडनला रात्री आठची मैफल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबाराला लागते, हिवाळ्यात दीडला. न्यूयॉर्कची रात्री आठची मैफल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, हिवाळ्यात साडेसहाला. टोकियो किंवा सोलची संध्याकाळी सातची मैफल मात्र दुपारी साडेतीनलाच. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तोंडावर ही घड्याळं बदलतात, आणि दोन्ही देशांत एकाच दिवशी बदलत नाहीत. त्या काळातली मैफल असेल तर आठवडाभर आधी वेळ पुन्हा तपासा. तारीखही बदलते. तिकिटावर 14 तारीख छापलेली असली तरी आपल्याकडे 15 उजाडलेली असते. निरोपात ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द, वार आणि तारीख असं तिन्ही लिहा.

एकत्र जमायचं असेल तर गावाचं वेळापत्रकही बघा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू असते, जूनमध्ये पेरणी. मार्च महिना परीक्षांचा. गावात हरिनाम सप्ताह बसला असेल तर मंडप, साऊंड आणि माणसं सगळी तिकडेच असतात.

अल्बम पहिल्यांदा ऐकताना

नव्या चाहत्याला वाटतं, गाणं आलं की लगेच काहीतरी लिहिलं पाहिजे. पहिलं गाणं अर्धं संपायच्या आत गटात ‘आग’, ‘नाद खुळा’ आणि बदामांचा पाऊस पडतो. उत्साह खराच आहे, आणि तो असावा. पण पहिल्या ऐकण्याला मोबाईल पालथा ठेवा. अल्बम कलाकारानं लावलेल्या क्रमानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. कोणतं गाणं कुठे ठेवायचं यावर त्यानं विचार केलेला असतो. चौथ्या गाण्यातल्या बापाचं नवव्या गाण्यात काय झालं, हे क्रम मोडला की कळत नाही.

दुसऱ्या ऐकण्याला वही घ्या. हो, कागदाचीच. ऐकू येतील तसे शब्द लिहून काढा आणि जिथे कळलं नाही तिथे जागा सोडा. ॲपमध्ये शब्द पडद्यावर सरकत असतात, ते आत्ता बघू नका. हाताने लिहिताना लक्षात येतं की धृपद दर वेळी तेच नाही. पहिल्या दोन वेळा ‘येईन’ होतं, शेवटी ‘आलो असतो’ झालं, आणि त्या एका बदलात अख्खं गाणं फिरलं. कडव्याच्या शेवटी श्वास कुठे घेतला, कोणता शब्द मुद्दाम गिळला, वाद्यं कुठे थांबवली, हे सगळं तेव्हाच दिसतं. मग छापील शब्दांशी ताडून बघा. तुम्ही ऐकलेलं आणि त्यानं लिहिलेलं वेगळं निघालं तर तोच गटात बोलायचा पहिला विषय.

गाणं दुसऱ्या भाषेतलं असेल तर वहीच्या उजव्या पानावर आपल्या मराठीत भावार्थ लिहा. काकू, आजी, धाकटा भाऊ, ज्यांना ती भाषा येत नाही पण सूर आवडतो, त्यांच्यासाठी हे पान मैफलीच्या दिवशी फार कामाला येतं.

तिसऱ्यांदा श्रेयनामावली वाचा. गीत, संगीत, वादक, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, प्रत्येकाचं नाव तिथे असतं. ॲपमध्ये गाण्याशेजारच्या तीन ठिपक्यांत बहुधा ही यादी सापडते. बासरी कुणी वाजवली हे माहीत असलेला चाहता मैफलीत त्या वादकाकडेही बघतो.

गाणं ऐकायचं ते कलाकाराच्या अधिकृत दुव्यावरूनच. कुणी फाईल करून पाठवली तर पुढे ढकलू नका, तिच्या जागी दुवा पाठवा. स्पॉटिफायवर गाणं किमान 30 सेकंद वाजलं तरच ते एक ऐकणं म्हणून धरलं जातं. सुरुवात ऐकून पुढे पळणाऱ्यांचं ऐकणं त्याच्या खात्यात जातच नाही. आवाज बंद करून रात्रभर गाणं फिरवत ठेवायचा सल्लाही कुणीतरी देईल. तो मानू नका. असे बनावट आकडे ॲपवाले काढून टाकतात आणि त्याचा त्रास कलाकारालाच होतो. स्वतः लिहिणाऱ्या-गाणाऱ्याला गीताचा, चालीचा आणि गायनाचा असा वेगवेगळा हक्क असतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराईट कायद्यानं गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा वाटा आणखी पक्का केला. अधिकृत ठिकाणी मन लावून ऐकलं की त्याचा हिस्सा त्याच्यापर्यंत पोचायला मदत होते.

गटात बोलायचं कसं

दोन गट ठेवा. एकात फक्त व्यवस्थेचे निरोप: वेळ, जागा, कोण काय आणणार. दुसऱ्यात मनसोक्त गप्पा. एकाच गटात सगळं टाकलं तर ‘हॉलची किल्ली कुणाकडे आहे’ हा प्रश्न तीनशे बदामांखाली गाडला जातो.

गप्पांच्या गटात नवखा म्हणून संकोच करू नका. जुने लोक पहिल्या अल्बमपासूनचे दाखले देतात, ते ऐकण्यासारखे असतात, पण आज पहिल्यांदा ऐकलेल्याचा कानही तितकाच महत्त्वाचा. लिहिताना एक ओळ, एक जागा, एक सूर पकडा. ‘जबरदस्त गाणं’ यावर कुणाला काय बोलता येणार? ‘तिसऱ्या कडव्यात विहिरीचा उल्लेख आला आणि मला आमच्या वाडीची आटलेली विहीर दिसली,’ असं लिहिलं की चार जण बोलायला लागतात. जिंतूरचा कुणीतरी त्याच्या गावची विहीर सांगतो. गट असा जमतो.

एखादं गाणं आवडलं नाही तर तेही लिहा, कारण देऊन लिहा. कलाकाराच्या घरच्या गोष्टी, लग्न, भांडणं यांवर चर्चा नको. त्यानं गाण्यात जेवढं सांगितलं तेवढं आपलं.

मैफलीसाठी जागा आणि परवानगी

दहा-बारा जण असतील तर कुणाच्या तरी घरची दिवाणखान्याची खोली सगळ्यात उत्तम. चाळीस-पन्नास जण होत असतील तर अभ्यासिका, समाजमंदिर, एखादं छोटं मंगल कार्यालय. मंगल कार्यालयात जागा भरपूर असते, पण खाली फरशी, वर पत्रा, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो. तो कसा आवरायचा ते पुढे सांगतो.

परवानगीचं काम लाजत-टाळत करू नका. मैफलीचं ऑनलाईन तिकीट बहुतेक वेळा एका घरापुरतं असतं. हॉलमध्ये दाखवायचं असेल तर आयोजकांना आधी ईमेल करा: आम्ही अमुक गावचे चाहते, इतके जण, तिकीट लावणार नाही, परवानगी मिळेल का? उत्तराची प्रत मोबाईलमध्ये ठेवा. 1957 च्या कॉपीराईट कायद्यात प्रक्षेपण करणाऱ्यालाही स्वतंत्र हक्क आहे आणि पैसे घेऊन ते लोकांना दाखवायचं असेल तर त्याची परवानगी लागते. म्हणून प्रवेशाला पैसे ठेवू नका. कॅफे किंवा हॉटेलात जमणार असाल तर मालकाला विचारा, ध्वनिमुद्रित गाणी वाजवण्याचा परवाना आहे का. गीत आणि चालीचे हक्क पाहणारी इंडियन परफॉर्मिंग राईट सोसायटी आणि ध्वनिमुद्रणांचे परवाने देणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड या दोन वेगळ्या संस्था आहेत. हे सगळं कलाकाराच्याच हक्काचं आहे, आणि आपण त्याचे चाहते आहोत.

आवाजाचा नियमही माहीत हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे-लाऊडस्पीकर लावता येत नाहीत. बंद सभागृहात, आतल्या आत, चालतं. तरी निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, म्हणजे खिडक्या लावून, आवाज आत राहील एवढाच. रात्री साडेबाराची मैफल अंगणात किंवा गच्चीवर ठेवायचा मोह होतो, विशेषतः एप्रिल-मेच्या उकाड्यात. तो टाळा. शेजारी दवाखाना असेल तर हॉलच बदला.

नेट

घाईत डेटाचा हिशेब राहून जातो, म्हणून तो आधी करा. 1080 दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे दोन जीबी लागतात, 720 ला एक जीबीच्या आसपास, 480 ला अर्धा. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर दोन तासांची मैफल 720 वर पुरी होत नाही, ऐन शेवटच्या गाण्याला नेट मंदावतं. आणखी एक: रोजचा डेटा बहुधा मध्यरात्री नव्यानं सुरू होतो. साडेबाराच्या मैफलीला नवा कोटा मिळतो, रात्री दहाच्या मैफलीला दिवसभर वापरून उरलेला.

फायबरची लाईन असेल तर लॅपटॉप राऊटरला वायरनं जोडा. वायफायवर चाळीस मोबाईल चढले की लॅपटॉपच्या वाट्याला काही उरत नाही. पासवर्ड त्या दिवशी कुणाला सांगू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक मोबाईल हॉटस्पॉटसाठी बाजूला ठेवा, पूर्ण चार्ज करून, आणि त्याचा मालक तो हातात घेणार नाही असं ठरवून. चित्राचा दर्जा ‘ऑटो’वर न सोडता 720 वर बांधा. मागे-पुढे होणाऱ्या चित्रापेक्षा स्थिर, थोडं कमी रेखीव चित्र बरं. नेट फारच अडखळलं तर 480 वर या. शब्द तुटता कामा नये.

26 जानेवारी 2025 ला अहमदाबादच्या स्टेडियमवरून कोल्डप्ले या ब्रिटिश बँडची मैफल हॉटस्टारवरून देशभर थेट दाखवली गेली. पैसे भरायच्या ॲपवर असं प्रक्षेपण असलं की एक गोष्ट आठवडाभर आधीच तपासा. या ॲपमधल्या चित्राला कुलूप असतं आणि काही जुन्या प्रोजेक्टरना ते उघडत नाही. आवाज येतो, पडदा काळा राहतो. त्याच ॲपवरचा कुठलाही पैसे भरून पाहायचा कार्यक्रम त्याच लॅपटॉपवरून, त्याच वायरनं, त्याच प्रोजेक्टरवर पाच मिनिटं लावून बघा. चाललं तर मैफल चालेल. नाही चाललं तर एचडीएमआय असलेला नवा टीव्ही शोधा. चाळीस जणांना 55 इंची टीव्ही पुरतो, थोडं जवळ सरकून बसायचं.

वीज

लाईट जाणार, हे धरूनच चला. महावितरणचा दुरुस्तीचा दिवस कोणता ते लाईनमनला विचारून ठेवा. प्रोजेक्टर साधारण 250 ते 300 वॅट, लॅपटॉप 65, राऊटर जेमतेम 10, दोन मध्यम स्पीकर धरले तर सगळं मिळून 400 ते 500 वॅटच्या घरात जातं. घरगुती इन्व्हर्टर आणि 150 एएचची चांगली बॅटरी हा भार दोनेक तास ओढते. बॅटरी जुनी असेल तर तासभरही नाही. पंखे इन्व्हर्टरवर घेऊ नका, उकडलं तर उकडू द्या. टीव्ही वापरला तर भार बराच कमी होतो, हे टीव्हीच्या बाजूनं आणखी एक कारण.

जनरेटर आणायचा असेल तर हॉलपासून लांब, भिंतीपलीकडे ठेवा. त्याचा घरघराट गाण्यातल्या शांत जागा खाऊन टाकतो आणि धूर आत आला तर जिवावर बेततं.

आवाज: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

आपल्याकडचा साऊंडवाला हुशार असतो, पण त्याचा हात वरातीला आणि मिरवणुकीला बसलेला असतो. आला की बेस उघडतो. त्याला आधीच सांगा: ‘दादा, आज नाचायचं नाही, शब्द ऐकायचेत.’ दोन मोठे बेसचे खोके आणूच नका म्हणा. मध्यम उंचीचे दोन स्पीकर, स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, तोंड श्रोत्यांकडे. बस्स.

लॅपटॉपमधून मिक्सरला वायरच हवी. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे राहतो, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, आणि दोन तास ते बघणं फार त्रासाचं होतं. वायरीच्या एका टोकाला हेडफोनची बारीक पिन असते, दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या पिना. त्या मिक्सरच्या दोन चॅनेलला लावायच्या. काही लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून ‘हूँऽऽ’ असा आवाज येतो. चार्जर काढून बघा, आवाज गेला तर मैफल बॅटरीवर चालवा आणि लॅपटॉप आधी पूर्ण भरून ठेवा. लॅपटॉपचा आवाज ऐंशी टक्क्यांवर ठेवून बाकीचं मिक्सरवर घ्या. सूचनांचे टिंग-टिंग आवाज, व्हॉट्सॲप, सगळं बंद करा.

मग मिक्सरसमोर उभे राहा. प्रत्येक चॅनेलवर लो, मिड, हाय अशी तीन फिरवायची बटणं असतात. त्याच गायकाचं एखादं संथ, कमी वाद्यांचं गाणं लावा. लो हळूहळू कमी करत जा, ढोल पोकळ वाटायला लागेपर्यंत नाही, पण छातीत धडधड थांबेपर्यंत. मिड किंचित वाढवा. ‘त’, ‘क’, ‘स’, ‘श’ ही व्यंजनं तिथून वर ऐकू येतात, आणि शब्द कळतो तो त्यांच्यामुळे. हाय फार वाढवला तर ‘स’ कानाला टोचतो. आता एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि त्यानं कधी न ऐकलेलं गाणं लावा. ओळ संपली की त्याला ती म्हणून दाखवायला सांगा. ‘काय म्हणलं रे ते?’ असं त्यानं विचारलं तर अजून काम बाकी आहे.

हॉल घुमत असेल तर आवाज वाढवू नका, कमी करा. मंडपवाल्याकडून जाड पडदे आणि सतरंज्या आणा. मागच्या भिंतीला पडदा सोडा, फरशीवर सतरंज्या अंथरा. चाळीस माणसं बसली की घुमारा आपोआप थोडा कमी होतो, म्हणून रिकाम्या हॉलमध्ये जरासा उरलेला चालतो. मागे आणखी एक स्पीकर लावायची कल्पना कुणीतरी काढेल. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पुढचा आणि मागचा स्पीकर सतरा-अठरा मीटरवर असले तर मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा, एकावर एक ऐकू येतो. त्यापेक्षा सगळ्यांना पुढे बसवा.

मैफल चालू असताना

अर्धा तास आधी दुवा उघडून ठेवा, लॉग इन करून. तिकीट एकाच खात्यावर असेल तर ते खातं दुसऱ्या कुणी मोबाईलवर उघडू नये, नाहीतर मोठ्या पडद्यावरचं बंद पडू शकतं.

बसण्याची पद्धत आपल्या भजनातली ठेवा: धृपदाला सगळ्यांनी, कडव्याला शांत. टाळकरी जसे धृपदाला उसळतात आणि बुवांनी कडवं उचललं की हात आवरतात, तसं. मुलं मोठ्यानं गाणारच, आणि गाऊ द्यावं, त्यासाठी तर जमलोय. पण नवं गाणं कलाकार पहिल्यांदा लोकांसमोर म्हणत असेल तर ते सगळंच शांतपणे ऐका. दोन गाण्यांच्या मध्ये तो जे बोलतो तेही ऐका. गाणं कसं सुचलं, कुणासाठी लिहिलं, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. त्या वेळी चहा फिरवू नका.

थेट प्रक्षेपण सगळीकडे एकाच क्षणी पोचत नाही. लातूरच्या घरी जे आत्ता दिसतंय ते तुमच्याकडे वीस-तीस सेकंदांनी येऊ शकतं. त्यामुळे पुढचं गाणं कोणतं, पाहुणा कोण आला, हे गटात लगेच टाकू नका. गाणं संपून मिनिट गेलं की लिहा. नांदेडच्या मुलीची किंकाळी तिच्या वाट्याच्या क्षणीच निघू द्या.

कार्यक्रम मोबाईलवर चित्रित करून पुढे पाठवू नका. पडद्याचा फोटो आठवणीला एखादा, तोही गाणी नसताना. खाण्याला चिवड्याची पाकिटं नकोत, कुरकुर आणि चुरचुर दोन्ही ऐकू येते. पाणी, चहा आणि मध्यंतरात केळी. पहाटेची मैफल असेल तर संपल्यावर नाश्त्याला गरम सुशीला करा, मुरमुरे आदल्या रात्रीच आणून ठेवा.

पाथरी, मानवत, गंगाखेडहून येणाऱ्यांचा विचार आधी करा. रात्री एक वाजता एसटी नसते. मुलींच्या घरी आदल्या दिवशी गटातल्या मोठ्या ताईंनी फोन करावा, कोण बरोबर आहे, मुक्काम कुठे, सकाळी कोणत्या गाडीनं परत, हे सांगावं. आईवडिलांनाच या म्हटलं तर बऱ्याच घरांतले खरंच येतात, आणि उजव्या पानावरचा भावार्थ हातात असला की शेवटपर्यंत बसतात.

दुसऱ्या दिवशी

सतरंज्या झटकून परत करा, साऊंडवाल्याचे पैसे त्याच दिवशी द्या, हॉल झाडून किल्ली द्या. मग गाण्यांची यादी क्रमानं लिहून गटात टाका. कोणतं गाणं अल्बमपेक्षा वेगळं म्हटलं, कुठे ओळ बदलली, कुठे तो हसला आणि थांबला, ज्याला जे आठवतं ते त्यानं त्या ओळीखाली जोडायचं. आयोजकांना आभाराचे दोन शब्द आणि गावाचं नाव कळवा. कुठे किती ऐकणारे आहेत हे त्यांना असंच समजतं, आणि पुढच्या दौऱ्याचा नकाशा काढताना ते उपयोगी पडू शकतं.

बऱ्याच प्रक्षेपणांची पुनरावृत्ती एक-दोन दिवस उघडी राहते, तिकिटावर मुदत लिहिलेली असते. ती वाचा. रात्रपाळी असलेला, शेतात पाण्याची पाळी असलेला, तापानं घरी पडलेला असा एखादा तरी जण राहिलेलाच असतो. मुदत संपायच्या आत त्याच्या घरी जा, त्याच्यासोबत बसा, आणि कोणत्या ओळीला काय होणार ते आधी सांगू नका.